फीवरफ्यू: अर्धशिशीसाठी कोणी रोज घेतलंय का? पानं चावायची की कॅप्सूल?

अर्धं_डोकं

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारायलाच लागतंय. मला अकरा वर्षांपासून अर्धशिशी आहे, ऑरा (म्हणजे दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणं) वगैरे नसतो पण उजवी बाजू एकदा धरली की धरली, मग उजेड नको, वास नको, शेजारी कोणी कागद चुरगळला तरी डोक्यात घण बसतो. महिन्यातून पाच-सहा वेळा होतं. डॉक्टरांनी प्रतिबंधाची गोळी दिली होती, तिने दिवसभर झोप यायची म्हणून बंद केली, आता दुखायला लागलं की पेनकिलर आणि अंधारी खोली एवढंच.

तर एका मैत्रिणीने कुंडी आणून दिली, फीवरफ्यू म्हणाली, रोज दोन-तीन पानं चावून खा, मायग्रेन पळतं. काल एक पान चावलं तर कडूजहर आहे हो, अर्धा तास जिभेवरून चव गेली नाही. मग शोधायला बसले तर त्याचं शास्त्रीय नाव काहीतरी पार्थेनियम निघालं आणि मी गारच पडले, पार्थेनियम म्हणजे गाजर गवतच ना, ज्याने अंगाला खाज सुटते ते? ते मी खाल्लं की काय? आणि ते नसेल तर हे नक्की दुखायला लागल्यावर घ्यायचं की रोज, ताजं पान बरं की कॅप्सूल, चहा करून चालतो का, कोणाला खरंच गुण आलाय का. थोडं विस्ताराने सांगा प्लीज, नुसतं 'डॉक्टरांना विचारा' नको, ते तर विचारणारच आहे.

खारूताई

आधी तुमचा जीव भांड्यात पाडते, ते गाजर गवत नाही :) गाजर गवत म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस आणि तुमचं ते टॅनासेटम पार्थेनियम. वनस्पतींच्या नावात पहिला शब्द आडनावासारखा असतो आणि दुसरा पाळण्यातल्या नावासारखा, म्हणजे एकाचं जे आडनाव आहे ते दुसऱ्याचं पाळण्यातलं नाव आहे एवढाच घोळ. फीवरफ्यूला पूर्वी क्रिसॅन्थेमम पार्थेनियम पण म्हणायचे, जुन्या लेबलांवर ते नाव दिसतं, घाबरू नका.

पण एक आहे. दोन्ही झाडं सूर्यफुलाच्या, शेवंतीच्याच कुळातली आणि दोघांत एकाच जातकुळीची रसायनं, गाजर गवतात पार्थेनिन, फीवरफ्यूमध्ये पार्थेनोलाइड. त्यामुळे गाजर गवताने किंवा शेवंतीने ज्यांच्या अंगावर पुरळ उठतं, हात फुटतात, त्यांनी फीवरफ्यूच्या वाटेला जाऊ नये. त्वचेचे डॉक्टर या कुळाच्या अ‍ॅलर्जीसाठी पाठीवर पट्ट्या लावून जी पॅच टेस्ट करतात ना, तिच्यात बऱ्याचदा जे मिश्रण वापरतात त्यात फीवरफ्यूचा अर्कच असतो, म्हणजे त्रास देण्यात ते किती पटाईत आहे बघा. तुम्हाला कधी असं काही झालंय का ते आधी आठवा.

आता कुंडीत आहे ते तरी फीवरफ्यूच आहे का हे बघून घ्या, कारण कॅमोमाइल आणि हे फुलावरून हमखास गंडवतं, दोन्हीला पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळं बटण. पान बघा. कॅमोमाइलचं पान दोऱ्यासारखं बारीक चिरलेलं असतं, फीवरफ्यूचं शेवंतीसारखं पसरट, खाचाखाचांचं, पिवळटसर हिरवं. फूल उभं कापून पाहिलं तर फीवरफ्यूचं पिवळं बटण जवळजवळ सपाट आणि भरीव, आणि खऱ्या कॅमोमाइलचं घुमटासारखं वर आलेलं, आतून पोकळ. आणि पान चुरगळून हुंगा, कापरासारखा उग्र कडवट वास आला की शंकाच नको, कॅमोमाइलला गोडसर सफरचंदासारखा वास येतो. माझ्याकडे चार वर्षं आहे हे झाड, एकदा लावलं की बी पडून पडून स्वतःच उगवत राहतं, बी मातीत खोल पुरायचं नाही, वर नुसतं दाबायचं, उजेड लागतो त्याला. आणि गंमत म्हणजे मधमाश्या त्याच्याकडे फिरकत नाहीत फारशा, तो वास त्यांनाही नको असतो. भाज्यांच्या वाफ्याजवळ लावू नये असं म्हणतात ते त्यामुळेच. खाण्याबद्दल मी काही बोलत नाही, मी फक्त लावते.

मनमौजी

मी घेतलंय, सव्वा वर्ष. आधी ताजी पानं खायचो, रोज दोन, ब्रेडच्या दोन तुकड्यांत घालून (इंग्लंडमध्ये लोक असंच खायचे म्हणे, कडूपणा झाकायला). तीन आठवड्यांत तोंड आलं. आलं म्हणजे साधं नाही, जिभेची कड आणि खालच्या ओठाच्या आतली बाजू सोलल्यासारखी, पाणी प्यायलं तरी झोंबायचं आणि चवच गेली चार-पाच दिवस. थांबलो, बरं झालं, मग कॅप्सूलवर गेलो, वाळलेल्या पानांची पावडर १०० मिलिग्रॅम रोज एक. तोंडाचा त्रास परत झाला नाही. पहिले दोन महिने काहीच फरक नाही, मी जवळजवळ फेकून देणार होतो, तिसऱ्या महिन्यापासून अटॅक थोडे कमी झाले आणि झाले तरी अंथरुणाला खिळणं कमी झालं. थोडे म्हणजे थोडेच हां, चमत्कार नाही.

खरी फजिती पुढे. गावाला गेलो आणि बाटली घरीच राहिली, म्हटलं दहा दिवस नाही घेतलं तर काय होतंय. तिसऱ्या दिवसापासून झोप उडाली, मान आणि बोटांचे सांधे सकाळी लाकडासारखे, उगाच जीव घाबरा आणि लागोपाठ दोन अटॅक. मला वाटलं प्रवासाचा शीण. नंतर कळलं की हे इतकं ओळखीचं आहे की त्याला 'पोस्ट-फीवरफ्यू सिंड्रोम' असं नावच आहे, रोज घेणाऱ्याने एकदम बंद केलं की होतं काही जणांना. पुढे बंद केलं तेव्हा दिवसाआड, मग दोन दिवसाआड असं महिनाभर उतरवत आणलं, काही झालं नाही.

आणि दुखायला लागल्यावर पान खाऊन उपयोग नाही, मी करून बघितलंय, डोकंही दुखलं आणि तोंडही कडू झालं.

औषधवाला

मनमौजी यांनी निम्मं काम केलं माझं. औषधशास्त्र शिकलोय आणि हा विषय आवडीचा आहे त्यामुळे लांबण लागेल, आधीच माफी.

हे झाड आधुनिक डॉक्टरांच्या नजरेत आलं ते १९७० च्या दशकात. वेल्समधल्या एक वयस्क बाई, सोळाव्या वर्षापासून मायग्रेन, कोणीतरी सांगितलं म्हणून रोज तीन पानं खायला लागल्या आणि काही महिन्यांत त्यांचं डोकं शांत झालं. ही गोष्ट लंडनच्या मायग्रेन क्लिनिकमधल्या एका डॉक्टरांपर्यंत गेली आणि त्यांनी ती हसण्यावारी न नेता तपासायला घेतली. १९८५ मध्ये त्यांचा जो अभ्यास छापून आला त्याची रचना मजेशीर होती. त्यांनी नवे पेशंट घेतलेच नाहीत, आधीपासून रोज पानं खाणारे १७ जण घेतले, त्यातल्या ८ जणांना फीवरफ्यूची कॅप्सूल आणि ९ जणांना नुसती रिकामी, म्हणजे प्लासीबो. कोणाला काय मिळतंय ते त्यांना माहीत नाही. तर रिकामीवाल्यांचे अटॅक वाढले, जोरही वाढला, कॅप्सूलवाल्यांचं जसं होतं तसंच राहिलं. आता यातून दोन अर्थ निघतात, एक म्हणजे पान काम करत होतं आणि ते काढल्यावर मूळ दुखणं परत आलं, दुसरा म्हणजे मनमौजींना झालं ते झालं, एकदम सोडल्याचा झटका. शिवाय ज्यांना गुण आला नाही ते लोक आधीच खायचं सोडून गेलेले असणार, ते या १७ मध्ये येणार कुठून.

म्हणून १९८८ ची नॉटिंगहॅमची ट्रायल मला जास्त महत्त्वाची वाटते. ७२ जण, चार महिने वाळलेल्या पानांची रोज एक कॅप्सूल आणि चार महिने प्लासीबो, कोणाला आधी हे कोणाला आधी ते, त्यात अटॅकची संख्या साधारण २४ टक्क्यांनी कमी भरली. मळमळ-उलटीही कमी. ती साधी पानांची पावडर होती हे लक्षात ठेवा, कारण पुढे १९९६ मध्ये हॉलंडमध्ये अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क देऊन पाहिला तर शून्य उपयोग. आणि त्या अर्कात पार्थेनोलाइड व्यवस्थित होतं! सगळे ज्याला मुख्य औषधी घटक म्हणतात ते असूनही गुण नाही, म्हणजे एकतर दुसरं काही काम करतंय किंवा आपण समजतो तेवढं सोपं नाही ते.

त्यानंतर जर्मनीत कार्बन डायऑक्साइडने काढलेला एक अर्क बनवला, एमआयजी-९९ नावाचा, ६.२५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. २००५ ची ट्रायल, १७० पेशंट, सोळा आठवडे. आधी महिन्याला सरासरी पावणेपाच अटॅक यायचे, औषधवाल्यांचे १.९ ने कमी झाले, प्लासीबोवाल्यांचे १.३ ने. २०१५ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (ट्रायल्स एकत्र करून पुरावा तोलणारी संस्था) सहा ट्रायल्स, ५६१ पेशंट एकत्र तपासले आणि निष्कर्ष काय तर थोडा फायदा दिसतो पण पुरावा कच्चा आहे. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने हे 'पारंपरिक वापर' या खात्यात टाकलंय, मोठ्यांसाठी, मायग्रेन येऊ नये म्हणून, पावडर १०० मिलिग्रॅम रोज, तेही डोकेदुखीचं दुसरं गंभीर कारण नाही हे डॉक्टरांनी बघितल्यावर.

ते करतं काय, तर पार्थेनोलाइड हे पानांवरच्या आणि फुलांवरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं आणि प्रयोगशाळेत ते सूज पेटवणारा एनएफ-कॅपा-बी नावाचा स्विच दाबून धरतं, रक्तातल्या प्लेटलेट्सना (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटू देत नाही, त्यांच्यातून सेरोटोनिन बाहेर पडणं कमी करतं. माणसाच्या डोक्यात हेच होतं का ते वेगळं.

चहाबद्दल, पार्थेनोलाइड पाण्यात नीट विरघळत नाही आणि वर सांगितलेल्या ट्रायल्स पावडरच्या किंवा अर्काच्या आहेत, चहाच्या नाहीत. तुम्ही चहा प्यायलात तर चहा प्यायल्याचं समाधान. ताज्या पानाचा प्रॉब्लेम असा की पान मोठं लहान, झाड कोवळं जून, त्यात किती औषध आहे याचा पत्ता नाही, वर तोंड येतं. त्या लंडनच्याच डॉक्टरांनी पानं खाणाऱ्यांची पाहणी केली होती तेव्हा शंभरातल्या अकराएक जणांनी तोंड आल्याचं सांगितलं होतं.

शंकासुर

थोडक्यात १.९ वजा १.३ बरोबर ०.६. म्हणजे महिन्याला अर्ध्याहून किंचित जास्त अटॅक वाचवायला तोंड सोलून घ्यायचं, सांधे लाकडाचे करून घ्यायचे आणि रोज एक गोळी घ्यायची. वा. आणि प्लासीबोने १.३ कमी झाले म्हणजे रिकाम्या कॅप्सूलचा गुण फीवरफ्यूच्या स्वतःच्या गुणाच्या दुप्पट आहे. मला रिकामी द्या.

औषधवाला

शंकासुर, गणित बरोबर आहे पण ०.६ महिन्याला म्हणजे वर्षाला सात. सात दिवस अंधाऱ्या खोलीत उलट्या करत पडायचं की नाही हा प्रश्न ज्याचं डोकं दुखतं त्याला विचारा. आणि ती सरासरी आहे, कोणाला काहीच नाही आणि कोणाला बराच गुण अशी मिळून ०.६ आलीय. अर्थात आपण कोणत्या गटातले हे घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही, हीच तर पंचाईत.

शंकासुर

मायग्रेन मला नाही, मान्य. पण माझा मुद्दा राहतोच की हे 'मायग्रेन पळतं' म्हणून विकलं जातं.

औषधवाला

त्या मुद्द्याला +१.

जुनी_वही

कोणीच नावाबद्दल बोललं नाही म्हणून मी. फीवरफ्यू हे लॅटिन फेब्रिफ्यूजिया वरून आलंय, ताप पळवणारी, आणि गंमत ही की आज तापासाठी ते फारसं कोणी घेत नाही, नाव ज्या कामाचं मिळालं ते काम सोडून भलत्याच कामावर प्रसिद्ध झालेलं झाड आहे हे. मूळचं बाल्कन, आजचं तुर्कस्तान, कॉकेशस त्या पट्ट्यातलं. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडिस या ग्रीक वैद्याच्या लिखाणात पार्थेनियन नावाची वनस्पती येते ती हीच असं बहुतेक जण धरतात, दाह आणि सूज यासाठी त्याने सांगितली आहे. पार्थेनॉस म्हणजे कुमारी, म्हणून बायकांच्या दुखण्यांशी ते नाव जोडतात, पाळी येत नसेल तर, बाळंतपणात वार पडत नसेल तर, अशा सगळ्या ठिकाणी हे वापरायचे. दुसरी कथा अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची. बांधकाम चालू असताना एक कारागीर उंचावरून पडला, तिथला नेता पेरिक्लिस, त्याला अथेना देवीने स्वप्नात औषधी दाखवली आणि कारागीर वाचला. कथा छान आहे पण इतक्या उंचावरून पडलेल्याला कडू पानं खायला घालणं हे त्याच्यावर दुहेरी संकट वाटतं मला.

मधल्या काळात युरोपात घरोघरच्या परसात असायचं. १५९७ च्या एका इंग्रजी वनस्पतीग्रंथात वाळलेली पूड मधात किंवा गोड वाइनमध्ये घालून डोकं गरगरणाऱ्याला द्यावी असं आहे. पुढच्या शतकात पानं ठेचून टाळूवर बांधायची डोकेदुखीसाठी, आणि थंडीतापाची पाळी यायच्या आधी मिठाबरोबर ठेचून मनगटावर. म्हणजे डोक्यासाठी त्याचा वापर १९७० नंतरचा शोध नाही, मधे विसरले आणि परत सापडलं. दातदुखी, पोटदुखी, किडे चावल्यावर, जंत, यादी संपत नाही. स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत गेलं तर तिकडे मेक्सिकोत, अँडीज पर्वतात ते पोटाच्या कळांसाठी, पाळीच्या दुखण्यासाठी वापरायला लागले. एक झाड आणि बत्तीस रोग म्हटलं की मला शंका यायला लागते. पण डोकेदुखी मात्र दर शतकात परत परत येते त्या यादीत, ती काही उगाच नसावी.

सई_सई

मधेच घुसते सॉरी. मी चार महिन्यांची गरोदर आहे आणि मायग्रेनच्या गोळ्या बंद केल्यात, त्यामुळे हर्बल काहीतरी शोधतच होते. हे चालेल ना? नैसर्गिकच आहे म्हणून विचारते.

खारूताई

नको गं बाई, अजिबात नको. वरची जुनी_वहींची पोस्ट परत वाच, पाळी आणण्यासाठी आणि वार पाडण्यासाठी जे वापरायचे तेच हे. ते काम करत होतं की नव्हतं हा वाद नंतर, तुझ्यावर प्रयोग नको.

औषधवाला

खारूताईंना पूर्ण अनुमोदन. सई, पोटात असताना नाही आणि अंगावर पाजत असतानाही नाही. गर्भाशय आकुंचन पावण्याची भीती आहे आणि सुरक्षित आहे असं दाखवणारी माहिती नाही, युरोपातली अधिकृत शिफारसही 'घेऊ नये' अशीच. तुझ्या डॉक्टरांकडे गरोदरपणात चालणारे पर्याय असतात, ते स्पष्ट विचार, नुसतं सहन करत बसू नको. आणि गरोदरपणात, विशेषतः पाच महिन्यांनंतर, डोकं नेहमीपेक्षा वेगळं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा चेहरा हात सुजले तर मायग्रेनच असेल म्हणून घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यायचा.

सई_सई

बापरे, बरं झालं विचारलं. नाही घेत.

अर्धं_डोकं

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. खारूताई, पान चुरगळलं, कापूरच, आणि फूल नेलकटरच्या छोट्या चाकूने उभं कापलं, सपाट आणि भरीव निघालं. म्हणजे आहे तेच आहे. गाजर गवताची अ‍ॅलर्जी नाही मला, निदान आतापर्यंत तरी.

अजून दोन गोष्टी. एक, सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांनी कुठेतरी वाचलं की हे संधिवातावर पण चालतं, ते रक्त पातळ व्हायची गोळी घेतात, त्यांना देऊ का, म्हणजे कुंडी बघितल्यापासून ते मागेच लागलेत. दोन, फॅमिली ग्रुपवर आजच एक फॉरवर्ड आलाय की यातल्या पार्थेनोलाइडने कॅन्सरच्या मूळ पेशी मरतात, हे खरं का?

औषधवाला

सासऱ्यांना नको, दोन्ही बाजूंनी नको. संधिवातावर म्हणाल तर १९८९ मध्ये रुमॅटॉइड प्रकारचा संधिवात असलेल्या चाळीसेक बायकांना सहा आठवडे वाळलेली पानं देऊन पाहिली होती, प्लासीबोपेक्षा काही वेगळं दिसलं नाही. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर हे घेतलं तर प्लेटलेट्सवरचा परिणाम त्यात मिळून रक्तस्राव वाढायची शक्यता, प्रयोगशाळेपुरती का असेना पण शक्यता, आणि न मिळणाऱ्या फायद्यासाठी ती कशाला घ्यायची. याच कारणाने ऑपरेशन ठरलं असेल तर दोनेक आठवडे आधीपासून हे बंद असावं लागतं, आणि मनमौजींसारखं एकदम तोडायचं नाही म्हणजे उतरवायला त्याच्याही आधी सुरुवात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. लोक गोळ्या सांगतात आणि 'हे काय झाडाचं आहे' म्हणून हे सांगतच नाहीत.

कॅन्सरचा फॉरवर्ड म्हणजे अर्धं सत्य आणि म्हणून जास्त त्रासदायक. २००५ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत खरंच दिसलं होतं की पार्थेनोलाइडने एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमधल्या मूळ पेशी मरतात आणि निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचतात. त्यावर काम चालू झालं, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याचं बदललेलं रूप तयार केलं. पण कॅप्सूल खाऊन हे होत नाही. कॅन्सरच्या पेशंटांना फीवरफ्यूच्या गोळ्यांतून दिवसाला ४ मिलिग्रॅमपर्यंत पार्थेनोलाइड देऊन रक्त तपासलं होतं, मोजता येईल इतकंही रक्तात सापडलं नाही. बशीतल्या पेशी मारायला तर लिंबाचा रसही पुरतो.

शंकासुर

आज पहिल्यांदा औषधवाल्यांचं सगळं पटलं. तारीख लिहून ठेवतो.

मनमौजी

अर्धं_डोकं ताई, कॅप्सूल घेणार असाल तर बाटली नीट बघून घ्या. माझी दुसरी बाटली वेगळ्या कंपनीची होती, लेबलवर फुलाचं सुंदर चित्र आणि 'प्राचीन रहस्य' वगैरे, आत कोणतं झाड, पान आहे की देठ, पार्थेनोलाइड किती, काहीच लिहिलेलं नाही. उघडली तर वास म्हणाल तर वाळक्या गवताचा, कापराचा मागमूस नाही आणि जिभेवर टेकवली तरी कडू नाही! पैसे पाण्यात.

औषधवाला

हे फार होतं. वेगवेगळ्या ब्रँड तपासल्यावर पार्थेनोलाइडचं प्रमाण कुठल्या कुठे निघतं, काहींत जवळजवळ नाहीच. कॅनडात निदान ०.२ टक्के असावं असा दंडक ठेवला होता. तसं ते एकटंच काम करतं असं नाही हे वर लिहिलंच, पण झाड खरं आहे आणि फार शिळं नाही याची ती खूण म्हणून धरायची. पावडर उन्हात, उकाड्यात पडली की ते घटत जातं, त्यामुळे थंड अंधाऱ्या जागी ठेवायचं आणि लेबलवर टॅनासेटम पार्थेनियम, पान आणि टक्केवारी या तीन गोष्टी हव्यात.

आणि ताई, एक विचारायचं राहिलं. पेनकिलर महिन्यातून किती दिवस घेता? साध्या गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा मायग्रेनच्या ट्रिप्टानसारख्या आणि मिश्र गोळ्या दहा दिवस घेतल्या की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. तसं असेल तर फीवरफ्यू काय नि दुसरं काय, आधी ती गाठ सोडवायला लागेल.

अर्धं_डोकं

पाच-सहा अटॅक म्हणजे फार तर आठ दिवस असतील असं लिहिणार होते, मग कॅलेंडर काढलं. मी दुखल्याच्या दिवशी टिंब करते. टिंबं आठच आहेत पण गोळ्यांची स्ट्रिप बघितली तर हिशेब लागेना, कारण 'दुखेल असं वाटतंय' म्हणून घेतलेल्या गोळ्यांना मी टिंब करतच नव्हते. औषधाच्या दुकानाच्या पावत्या जुळवल्या. चौदा दिवस. आणि गोळी मिश्र आहे, तीन औषधं एकात. गुरुवारी डॉक्टरांकडे जातेय.

अर्धं_डोकं

साडेतीन महिन्यांनी परत आलेय, कोणी वाचत असेल तर. डॉक्टरांनी आधी पेनकिलर खाली आणायला लावल्या, पहिले तीन आठवडे नरक होते, ते लिहीत नाही. फीवरफ्यूबद्दल विचारलं तर म्हणाल्या घ्यायचं तर घ्या, फार आशा ठेवू नका, तोंड आलं तर थांबा आणि बंद करायचं तर हळूहळू. पानं चावायची सोडली, १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज, लेबलवर तिन्ही गोष्टी बघून घेतलेली. गेल्या महिन्यात चार टिंबं, त्याआधीच्या महिन्यात तीन, पेनकिलर पाच दिवस. तोंड आलं नाही.

आता हे कॅप्सूलने झालं की पेनकिलर कमी केल्याने, मला काही सांगता येत नाही, दोन्ही एकदम सुरू केलं ना.

शंकासुर

माझं मत पेनकिलर. पण ताई, टिंबं चालू ठेवा, आणि कॅप्सूल उतरवाल तेव्हा त्या महिन्यांची टिंबं इथे टाका. मला खरंच बघायचंय.

मनमौजी

माझं मत दोन्ही. सासरे काय म्हणतात?

अर्धं_डोकं

कुंडी त्यांच्या खोलीच्या खिडकीत आहे. खात नाहीत, पण रोज पाणी घालतात आणि पान चुरगळून हुंगतात, वासाने बरं वाटतं म्हणे. बोटांना पुरळ येतंय का ते बघत असते मी, अजून तरी नाही.